पिल्लाचा विमा : हप्त्याआधी अंतर मोजा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पिल्लाला पहिली लस टोचायला आलेली मंडळी हल्ली लशीच्या किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारतात : ‘याचा विमा काढून ठेवू का?’ पुण्या-मुंबईत या प्रश्नाचे उत्तर कुत्र्याच्या जातीवरून आणि मालकाच्या खिशावरून देता येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तेवढ्यावर भागत नाही. इथे आधी विचारावे लागते, की तुमच्या खळ्यातून निघाल्यावर नोंदणीकृत पशुवैद्यक किती किलोमीटरवर आहे, तो कुत्रा भरती करून घेतो का आणि शिक्क्यासह बिल देतो का. या तिन्हींची उत्तरे हातात नसताना हप्ता भरणे म्हणजे होडीचा पत्ता नसताना जाळे विकत घेणे. आमच्यातले काही जण जनावरांच्या औषधोपचारात आहेत, काही विम्याच्या कामात. दोन्हीकडचे कागद डोळ्यांखालून जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

कुत्र्याचा विमा म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सरकारी विमा कंपन्यांची जुन्या धर्तीची श्वान-पॉलिसी गाई-म्हशींच्या विम्याच्या वळणाची आहे. कुत्र्याची बाजारातली किंमत ठरवायची, तेवढी विमा रक्कम धरायची आणि कुत्रा अपघाताने किंवा आजाराने मेला तर ती मिळायची. दवाखान्याचा खर्च हा तिचा मुख्य विषयच नव्हे. दुसरा प्रकार अलीकडचा. बजाज अलियान्झने २०२० मध्ये असा विमा आणला, मागोमाग इतर खासगी कंपन्या आल्या. त्यात पाया असतो शस्त्रक्रिया आणि भरतीच्या खर्चाचा, आणि त्यावर जोडण्या असतात : मृत्यू, बाह्यरुग्ण तपासणी, चोरी किंवा हरवणे, कुत्र्याने दुसऱ्या कुणाचे नुकसान केले तर त्याची जबाबदारी. एजंट बहुधा सगळ्या जोडण्या मिळून एकच आकडा सांगतो. तो आकडा फोडून मागावा, प्रत्येक जोडणीचा हप्ता वेगळा, आणि जीएसटी धरून की वगळून तेही. गाई-शेळ्यांच्या विम्याला सरकारी योजनेतून अनुदान मिळते, तसे पाळीव कुत्र्याला नाही. हा सगळा पैसा तुमच्या खिशातला.

आता पिल्लाचे वय. विक्रेते पिल्लू ४० ते ४५ दिवसांचे झाले की हातात देतात. २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, पण नियम कागदावर आणि पिल्लू खोक्यात. विमा कंपन्या पिल्लाला पॉलिसी देतात ती आठ आठवड्यांनंतर, काही तर तीन महिन्यांनंतरच. त्यापुढे आजारासाठी प्रतीक्षाकाळ. तो ३० दिवसांचा धरला आणि प्रवेशाचे वय तीन महिने धरले, तर आजाराचे संरक्षण सुरू होते चौथा महिना संपताना. पार्व्हो, ज्याला लोक ‘गॅस्ट्रो’ म्हणतात, तो मारतो नेमका त्याच्या आधी : सहा आठवड्यांपासून पुढच्या काही महिन्यांत. उलट्या, रक्ताचे जुलाब, तीन ते पाच दिवस सलाईन. पिल्लाचा पहिला मोठा खर्च जो येतो तो हा, आणि त्या वेळी विमा बहुधा लागूच झालेला नसतो. तेव्हा पार्व्होच्या भीतीने विमा काढू नये. त्याला उत्तर लसच.

लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्याला सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा नंतर. हा शेवटचा डोस लोक हमखास गाळतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस धरत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत जावे लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, वर्षाने पुन्हा. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, लस दोन डोसांची, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दर वर्षी. कोकणात तरी लेप्टोचे दोन्ही डोस मृगाच्या आधी संपलेले असावेत. भाताच्या कुणग्यातल्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळते, पिल्लू त्यात लोळते आणि तेच पाणी पिते. लशीत लेप्टोचे ठरावीक प्रकारच असतात, त्यामुळे लस टोचलेल्या कुत्र्यालाही क्वचित लेप्टो होतो. विम्याच्या दृष्टीने मात्र लस टोचलेली असणे आणि ती सिद्ध करता येणे याला फार महत्त्व आहे. लशीने टळणारा आजार झाला आणि लसीकरण पूर्ण नसेल, तर दावा नाकारण्याचे कलम बहुतेक पॉलिसींत असते.

सिद्ध करता येणे असे म्हणायचे कारण आहे. आपल्याकडे लस मेडिकलमधून आणून ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेण्याची पद्धत आहे. त्यात दोन घोटाळे होतात. पहिला, लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. पावसात वीज रात्रभर गेली की दुकानातल्या फ्रिजचे काय झाले ते कुणी विचारत नाही. दुसरा कागदाचा. लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचा स्टिकर, तारीख, पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. हे नसेल तर लस टोचली असली तरी विमा कंपनीच्या लेखी ती टोचलेली नाही.

हाच कागदाचा प्रश्न उपचारातही आडवा येतो, आणि कोकणात तो सगळ्यांत मोठा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्यानुसार राज्य परिषदेकडे नोंद असलेला पदवीधर तो पशुवैद्यक. श्रेणी-१ च्या सरकारी दवाखान्यात असा डॉक्टर असतो. श्रेणी-२ च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक असतो, तो पदविकाधारक. गावात रात्री-अपरात्री धावून येतो तो बहुधा हाच, किंवा खासगी काम करणारा त्याचा जोडीदार. त्याच्या अनुभवाबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. कित्येक कुत्री त्यांच्याच हातांनी जगली आहेत. पण त्याचा कागद विम्याच्या दाव्याला चालत नाही. सरकारी दवाखान्याचे सेवाशुल्क इतके थोडे, की त्याचा दावा करण्यात अर्थ नाही. खरा खर्च बाहेरून आणलेल्या औषधांचा. ते बिल माणसांच्या मेडिकलचे असते, वर कुणाचे तरी नाव असते आणि सोबत चिठ्ठी नसते. दावा अडकतो तो इथे. औषधाच्या बिलावर मालकाचे आणि कुत्र्याचे नाव घालून घ्यावे, त्याच तारखेची पशुवैद्यकाची चिठ्ठी जोडावी, पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत.

भरतीचे कलम तर आमच्याकडच्या परिस्थितीशी सरळ भांडते. पॉलिसी म्हणते ‘रुग्णालयात दाखल’, बरेचदा ठरावीक तासांसाठी. तालुक्याच्या गावात कुत्रा रात्रभर ठेवून घेणारा दवाखाना असेलच असे नाही. मग डॉक्टर पडवीत दोरीला सलाईनची बाटली टांगतात, सकाळ-संध्याकाळ येऊन बघतात आणि कुत्रा बरा होतो. विम्याच्या भाषेत हा बाह्यरुग्ण उपचार, भरती नव्हे. म्हणून पॉलिसी घेण्याआधी ‘दाखल’ या शब्दाची व्याख्या वाचावी. दिवसभराचा उपचार त्यात धरला आहे का, शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडले तर चालते का, हे कंपनीला ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. तोंडी उत्तराला किंमत नाही.

कोकणातल्या पिल्लाला खरोखर खर्चात घालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या पॉलिसीच्या मजकुराशी एकेक जुळवून पाहाव्यात.

साप. कातळावर आणि सड्यावर फुरसे, गडग्यात आणि पालापाचोळ्यात घोणस, घराजवळ नाग आणि मण्यार. पिल्लू नाक खुपसून हुंगते, त्यामुळे दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर. या चौघांवर एकच बहुगुणी प्रतिविष चालते, १० मिलीची एक कुपी. घोणस चावली तर एका कुपीत भागेल असे नाही, आणि कुत्रा लहान म्हणून मात्रा कमी होत नाही, कारण विष कुत्र्याच्या वजनावर ठरून येत नाही. हिरवा चापडा या सापाच्या दंशावर मात्र हे प्रतिविष चालत नाही. तिथे वेदनाशमन, सलाईन आणि जखमेची निगा. विम्याच्या बाजूने प्रश्न एकच : सर्पदंश अपघातात धरला आहे की आजारात? अपघाताला प्रतीक्षाकाळ नसतो किंवा अगदी थोडा असतो, आजाराला असतो. पॉलिसी घेतल्याच्या दहाव्या दिवशी फुरसे चावले तर पैसे मिळणार की नाही, हे या एका शब्दावर ठरते. हेही लेखी विचारून घ्यावे.

आंब्याचा बाठा. बाहेरगावच्या विमा सल्लागाराला हे सांगून पटत नाही, पण एप्रिल-मे-जूनमध्ये पोट कापायची वेळ आणणारी वस्तू हीच. पिल्लू आंबा चोखते, बाठा अख्खा गिळते. तो कधी कधी काही दिवस जठरातच पडून राहतो, कुत्रा खातो-पितो, आणि मग एके दिवशी लहान आतड्यात जाऊन अडकतो. पाणीही उलटते, पोट दुखते, शी थांबते. साध्या एक्स-रेत बाठा ठळक दिसतोच असे नाही, सोनोग्राफी लागते. उशीर झाला तर आतड्याचा तुकडा काढावा लागतो. हा खर्च विम्याच्या पायाभूत कलमात, म्हणजे शस्त्रक्रियेत, व्यवस्थित बसतो. किनाऱ्यावरच्या घरांत हीच गत मासे पकडायच्या गळाची. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, आतडे करवतीसारखे कापले जाते. रापणीनंतर वाळूत टाकून दिलेला केंड मासा हा तिसरा धोका. त्याच्या विषावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणे एवढेच हातात, आणि तेवढा वेळ क्वचितच मिळतो.

गोचीड. यावर थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यांत जास्त वाद याच खात्यात होतात. कुत्र्याची तपकिरी गोचीड अंगावर दिसते त्याहून कितीतरी जास्त घरात असते. चिरेबंदी घराच्या भिंतीतल्या फटी, पडवीचा कोपरा, लाकडाची मांडणी. एक मादी हजारोंनी अंडी घालते. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेशिया हे रक्ताचे आजार येतात. एर्लिकियाचा जोर चावल्यानंतर साधारण आठ ते वीस दिवसांत दिसतो : ताप, जेवण तोडणे, प्लेटलेट घसरणे. कधी तो दबून राहतो आणि महिन्यांनी नाकातून रक्त आल्यावर कळतो. उपचार डॉक्सिसायक्लिनचा, बहुधा २८ दिवसांचा. गोळ्या स्वस्त, पण पुन्हा पुन्हा रक्ततपासणी, आणि अशक्तपणा फार असेल तर रक्त चढवणे. आता पॉलिसीकडे पाहा. भरती झाली नाही तर पायाभूत विम्यातून काही नाही. भरती झाली, तर कंपनी विचारते की हा आजार पॉलिसीच्या आधीचा नव्हे कशावरून? जुन्या केसपेपरवर ‘अंगावर गोचिड्या’ एवढा शेरा असला तरी तो बोट ठेवायला पुरतो. यावर तोडगा आहे : प्रस्ताव भरायच्या आठवड्यात पशुवैद्यकाकडून पूर्ण तपासणी करून आरोग्य दाखला घ्यावा आणि रक्ताची साधी तपासणी, प्लेटलेटच्या आकड्यासह, त्याला जोडून ठेवावी. तो कागद पुढे उपयोगी पडतो.

गोचिडीचे औषध पिल्लाच्या वजनावर आणि वयावर द्यायचे असते. महिन्याची गोळी आणि १२ आठवड्यांची गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गोठ्यातले फवारणीचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून पिल्लाला पुसणे ही तर विषबाधेची रीतच आहे. झटके येऊन पिल्लू दवाखान्यात आले, तर मालकाचा निष्काळजीपणा म्हणून दावाही जातो.

बिबट्या. याबाबत लोकांची समजूत सरसकट चुकीची असते. वन विभागाची नुकसानभरपाई गाय, बैल, म्हैस, शेळी-मेंढी यांना आहे, कुत्र्याला नाही. मग मृत्यूची जोडणी घेतली तर? तिच्या दाव्याला मृत्यूचा दाखला लागतो, बरेचदा शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत कुत्र्याची छायाचित्रे. बिबट्या कुत्रा उचलून नेतो. मागे राहतो पट्टा, नाहीतर तोही नाही. चोरी-हरवण्याच्या कलमात तो बसवावा, तर पोलिसांत तक्रार लागते आणि वन्यप्राण्याने नेणे ही चोरी नव्हे. ज्यांच्या घराला जंगल लागून आहे त्यांनी त्या जोडणीच्या पैशांत रात्रीसाठी छपरासह जाळीचा पिंजरा बांधावा. वरून उघडा पिंजरा बिबट्याला अडवत नाही.

एकंदर मृत्यूची जोडणी पिल्लासाठी घेऊ नये असेच आमचे मत आहे. विमा रक्कम कुत्र्याच्या खरेदी-पावतीवर ठरते. बहुतेकांकडे पावती नसते, आणि गावठी पिल्लाला तर किंमत कशी लावणार? बाह्यरुग्ण तपासणीची जोडणीही तशीच. तिची वार्षिक मर्यादा आणि तिचा हप्ता शेजारी मांडून पाहा. फरक थोडा असेल तर तुम्ही स्वतःचेच पैसे फेऱ्याने परत घेत आहात. लस, जंतनाशक, नसबंदी, दात साफ करणे, खाणे, टॉनिक, शाम्पू हे बहुधा कशातच नसते.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची जोडणी मात्र हमरस्त्यालगतच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांनी विचारात घ्यावी. कुत्रा दुचाकीच्या आडवा गेला, पर्यटकाच्या मुलाला चावला, शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या, अशी भांडणे गावच्या बैठकीत मिटतात तोवर ठीक. ती कोर्टात गेली तर भरपाईचा आकडा मोठा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याबाबत हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड विमा भरणार नाही, तो भरेल दिवाणी भरपाई. एक पाचर इथे आहे. न्याहारी-निवास किंवा होमस्टे चालवणाऱ्यांचा कुत्रा घरगुती धरायचा की व्यवसायाच्या जागेवरचा? प्रस्तावात होमस्टे आहे हे लिहूनच पॉलिसी घ्यावी. लपवले तर चावा पाहुण्याला आणि फटका तुम्हाला.

हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत महत्त्वाची. तुमच्या कोटेशनमधले घालून पाहा. समजा, पायाभूत विम्याचा हप्ता जीएसटीसह वर्षाला ४,२०० रुपये, विमा रक्कम ५०,००० आणि स्वतः सोसायचा वाटा २० टक्के. बाठ्याच्या शस्त्रक्रियेला सगळे मिळून २४,००० रुपये लागले. त्यातले ४,५०० घाट चढून कोल्हापूरला किंवा सीमा ओलांडून गोव्याला जाण्या-येण्याच्या गाडीचे. ते विम्यात नाहीत. १,२०० रुपयांचे पथ्याचे खाणे आणि टॉनिक, तेही नाही. उरले १८,३००. त्याचा २० टक्के वाटा ३,६६० तुमचा. हातात आले १४,६४०. म्हणजे साडेतीन वर्षांत असा एक प्रसंग आला तर बरोबरी. गोचीडतापाच्या ३,४०० रुपयांच्या बिलावर, भरती नसल्यामुळे, शून्य.

हेच ४,२०० रुपये बाजूला टाकले तर महिन्याला ३५० होतात, पाच वर्षांत व्याज सोडून २१,०००. पण ते पोस्टाच्या आरडीत टाकू नयेत. ती तीन वर्षांआधी मोडता येत नाही, वर्षाने कर्ज मिळते तेही निम्म्या रकमेचे. सापाने चावलेला कुत्रा एवढा थांबत नाही. साधे बचत खाते बरे. या मार्गाची खोट अशी, की तिसऱ्याच महिन्यात प्रसंग आला तर खात्यात १,०५० रुपये असतात. म्हणून ज्याला फंडाची वाट धरायची त्याने पिल्लू आणताना सुरुवातीलाच आठ-दहा हजार रुपये त्यात टाकावेत. पिल्लासाठी पंधरा हजार मोजणाऱ्याला हे जड वाटू नये. वाटत असेल तर पिल्लू स्वस्तातले घ्यावे. गावठी पिल्लू फुकट मिळते, दमट हवा सोसते आणि त्याच्या कानात सहसा पू होत नाही, हा आमचा जुना आग्रह इथे मध्येच नोंदवून ठेवतो.

तर कोणी काय करावे? रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा ठिकाणी राहणारे, किंवा तासा-दीड तासात भरती करणाऱ्या पशुवैद्यकापर्यंत पोहोचू शकणारे, आणि घरात लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड असलेले : यांनी पायाभूत शस्त्रक्रिया-भरतीचा विमा पिल्लू वयात बसताच घ्यावा. लवकर घ्यायचे कारण हप्ता नव्हे, कोरी पाटी. या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष वाढीच्या वयात दिसू लागतो, आणि एकदा लंगडणे केसपेपरवर आले की तो पूर्वीचा आजार ठरतो. आनुवंशिक दोष वगळले आहेत का, हेही त्याच वेळी वाचावे. वगळले असतील तर या जातींसाठी त्या पॉलिसीचे निम्मे काम गेले. पग, शिट्झू यांसारख्या बसक्या नाकाच्या जातींत उष्माघात कशात धरतात ते विचारावे. मादी असेल आणि नसबंदी करायची नसेल, तर गर्भाशयात पू होण्याची शस्त्रक्रिया कलमात आहे ना ते पाहावे. वाडीवस्तीवरच्या राखणीच्या गावठी कुत्र्याला, जिथे डॉक्टर दुचाकीवरून येतो आणि चिठ्ठी वहीच्या कागदावर मिळते, तिथे विमा घेऊ नये. लस, गोचिडीचे औषध आणि बचत खाते, बस्स. गावठी कुत्र्यालाही काही कंपन्या पॉलिसी देतात, पण पॉलिसी मिळणे वेगळे आणि दावा उभा राहणे वेगळे.

पावसाचे गणित घालून वेळ साधावी. जानेवारीअखेर जन्मलेले पिल्लू एप्रिलअखेर तीन महिन्यांचे होते. १ मे रोजी पॉलिसी सुरू झाली आणि प्रतीक्षाकाळ ३० दिवसांचा असला तर आजाराचे संरक्षण ३१ मे पासून. दक्षिण कोकणात पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरतो. पॉलिसी जूनमध्ये घेतली तर लेप्टोचा सगळ्यांत वाईट काळ प्रतीक्षेतच जातो.

आणखी एक कोकणी गुंता : मुलगा मुंबईला, पिल्लू गावी आईवडिलांकडे. मुलगा मोबाईलवरून पाच मिनिटांत पॉलिसी काढतो, पत्ता डोंबिवलीचा, कुत्रा देवगडला. दवाखान्याची बिले वडिलांच्या नावावर. कुत्र्याचे नाव पॉलिसीत ‘ब्रूनो’, केसपेपरवर ‘वाघ्या’. दाव्याच्या वेळी तिन्ही गोष्टी विचारल्या जातात. कुत्रा जिथे राहतो तो पत्ता प्रस्तावात स्पष्ट लिहावा, पॉलिसी शक्यतो सांभाळणाऱ्याच्या नावाने घ्यावी, आणि नाव एकच ठेवावे. हाक काहीही मारा. ओळखीसाठी मायक्रोचिप बसवून घ्यावी : तांदळाच्या दाण्याएवढी, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, १५ अंकी क्रमांकाची. गाईच्या कानातला बिल्ला पडला की विम्याचा दावा कसा लटकतो ते शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. चिप पडत नाही. तिचा क्रमांक प्रत्येक केसपेपरवर लिहून घ्यावा.

प्रसंग आला तर क्रम असा. आधी कुत्रा दवाखान्यात, मग फोन. कंपनीला कळवण्याची मुदत पॉलिसीत तासांत दिलेली असते. आपल्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून मिळेल तेव्हा ईमेल किंवा एसएमएस करावा, त्यावर वेळ उमटते. बहुतेक वेळा पैसे आधी आपणच भरायचे आणि मागाहून मागायचे, तेव्हा विमा असला तरी हाताशी रोकड लागतेच. केसपेपर, डिस्चार्जचा कागद, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे अहवाल, मूळ बिले, लसीची पुस्तिका, दवाखान्यातले कुत्र्याचे फोटो. काढलेला बाठा किंवा गळ डॉक्टरांनी फेकण्याआधी त्याचाही फोटो घ्यावा. कुत्रा दगावला आणि मृत्यूचा विमा असेल, तर माडाच्या मुळाशी पुरण्याची घाई करू नये. सकाळी खळ्यात मेलेला सापडलेला कुत्रा कशाने गेला ते शवविच्छेदनाशिवाय सांगता येत नाही, आणि आपल्या हवेत दुपारपर्यंत तेही शक्य राहत नाही. आधी कंपनीला कळवावे, मग दवाखान्याला, मग कुदळ.

पॉलिसी घेतल्यावर ती कामाची नाही असे दिसले, तर एक वर्षापर्यंतच्या मुदतीची वैयक्तिक पॉलिसी कधीही रद्द करता येते. दावा केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे, पॉलिसीतल्या कलमासह. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन क्रमांक १५५२५५.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही पशुवैद्यक आणि विमा सल्लागार